मानी गायिका नीना सिमोन

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या दक्षिण सीमेवर, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी, ट्रायन नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावातील तीन खोल्यांच्या एका लाकडी घरात २१ फेब्रुवारी १९३३ रोजी एक मुलगी जन्मास आली. आठ भावंडांतील ती सहावी. तिचे नाव युनिस कॅथलीन वेमन असे ठेवण्यात आले. पुढे हीच मुलगी नीना सिमोन या नावाने जगभर गाजली. परंतु ते नाव तिने हौसेने घेतले नव्हते. ते घेणे तिला का भाग पडले, ती हकिकत पुढे येईलच.

युनिसचे आईवडील कृष्णवर्णीय होते. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत आणण्यात आले होते. ही गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ते हेच गुलामांना मुक्त करण्याच्या कार्यात झटलेले लोक होत. पण बेड्या तुटल्या तरी भेद तुटला नाही. दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांच्या शाळा निराळ्या, काळ्यांच्या निराळ्या. आगगाडीचे डबे निराळे. पाणी पिण्याचे नळसुद्धा निराळे. अशा जगात ही मुलगी वाढत होती.

वडील जॉन वेमन हे हरहुन्नरी गृहस्थ होते. त्यांनी केशकर्तनाचे दुकान चालवले, कपडे धुऊन देण्याचा धंदा केला. पण १९३० च्या दशकातील भीषण मंदीने त्यांची घडी विसकटली आणि मिळेल ते काम करून त्यांनी दिवस काढले. आई मेरी केट मेथॉडिस्ट पंथाच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होती. रविवारी ती प्रवचन करी आणि इतर दिवशी गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, केरवारा करी. घरात पैशाचा दुष्काळ होता, पण संगीताचा नव्हता. पायाने भाता मारून वाजवण्याचे एक ऑर्गन वाद्य घरात होते. युनिस तीन-चार वर्षांची असेल नसेल, एके दिवशी कोणीही न शिकवता तिने त्यावर एक प्रार्थनागीत वाजवले. आईवडिलांना हा देवाचाच प्रसाद वाटला. सहा वर्षांची होईतो ती आईच्या चर्चमध्ये भजनांना साथ करू लागली. तेथे माणसे टाळ्या वाजवीत, डोलत, रडत, उभी राहून गात. सुरांनी माणसांचा समुदाय कसा हेलावतो, हे तिने तेथेच पाहिले आणि ते ती आयुष्यभर विसरली नाही.

ज्या गोऱ्या बाईंच्या घरी मेरी केट कामास जात असे, त्यांनी या मुलीचे वादन ऐकले. हिला नीट शिक्षण मिळाले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि एका वर्षाच्या शिकवणीचा खर्च त्यांनी उचलला. गावात म्युरिएल मॅझानोविच नावाच्या एक इंग्रज बाई राहत. त्यांचे पती चित्रकार होते. युनिस दर आठवड्यास रेल्वेचे रूळ ओलांडून, काळ्यांची वस्ती मागे टाकून, झाडीतील त्या घरी पायी जाई. बाईंनी तिच्या हाती योहान सेबास्टियन बाख या जर्मन रचनाकाराच्या रचना दिल्या. बाखच्या संगीताची एक खुबी समजून घेण्यासारखी आहे. आपल्या गाण्यात एका वेळी एकच सुरावट चालते. बाखच्या रचनांत डावा हात एक सुरावट धरतो आणि उजवा हात दुसरी. दोघी निराळ्या वाटांनी चालतात, आणि तरीही पावलोपावली एकमेकींशी जुळतात. या रचना वाजवताना युनिसला जणू आपल्या आयुष्याचे प्रयोजन सापडले. अमेरिकेतील पहिली थोर कृष्णवर्णीय पियानोवादक व्हायचे, हे स्वप्न तिने उराशी धरले. वर्ष संपल्यावर शिकवणी बंद पडू नये म्हणून बाईंनी गावात निधी उभारला. गोऱ्या-काळ्या दोघांनीही त्यात पैसे घातले. त्याची उतराई म्हणून युनिसने अधूनमधून गावकऱ्यांपुढे वादन करावे, असे ठरले.

अशाच एका कार्यक्रमाची ही गोष्ट आहे. युनिस तेव्हा अकरा-बारा वर्षांची, म्हणजे तुमच्याच वयाची होती. कार्यक्रम गावातील ग्रंथालयात होता. तिच्या अंगावर ठेवणीतला झगा होता. मुलीचे कौतुक पाहण्यासाठी आईवडील लवकर येऊन पहिल्या रांगेत बसले होते. युनिस पियानोपाशी बसली आणि तिची ओळख करून देण्यात येऊ लागली. इतक्यात एक गोरे कुटुंब आले. लगेच कोणीतरी जॉन आणि मेरी केट यांना उठवून मागे नेऊ लागले. ते दोघे मुकाट्याने उठले. त्यांनी जन्मभर हेच पाहिले होते. मुलीच्या कार्यक्रमात विघ्न नको, एवढाच विचार त्यांनी केला असावा.

युनिसने मात्र हे पाहिले आणि ती उभी राहिली. जमलेल्या सर्व मोठ्या माणसांसमोर तिने स्पष्ट सांगितले, की माझे वादन ऐकायचे असेल तर माझे आईवडील पहिल्या रांगेत, मला दिसतील असे बसले पाहिजेत. नाहीतर मी वाजवणार नाही. क्षणभर सभागृह स्तब्ध झाले. काही जण हसले. आईवडील ओशाळले. पण त्यांना पुन्हा पुढे आणून बसवण्यात आले आणि मगच पियानोचे सूर उमटले.

ही हकिकत युनिसने पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. या विजयाचा तिला मुळीच आनंद झाला नव्हता. आपल्या अंगावरची कातडी कोणी सोलून काढावी, तशी ती दुसऱ्या दिवशी गावातून हिंडत होती. ज्यांनी तिच्या शिक्षणासाठी पैसे दिले, त्यांच्याच गावाने तिच्या आईवडिलांना उठवले होते. दयाळूपणा आणि अन्याय एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, हे कळण्यास काहींना पन्नाशी गाठावी लागते. त्या मुलीला ते त्या वयातच कळले.

पुढे ॲशव्हिल या शहरातील मुलींच्या शाळेतून १९५० साली ती पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामांकित संगीतविद्यालयात तिने काही काळ अध्ययन केले. पण तिचे लक्ष होते फिलाडेल्फियातील कर्टिस संगीतसंस्थेकडे. तेथे निवड झालेल्या विद्यार्थ्यास शिक्षणशुल्क द्यावे लागत नसे. निवड होणारच या विश्वासाने वेमन कुटुंब ट्रायन सोडून फिलाडेल्फियास येऊन राहिले. १९५१ साली युनिसने परीक्षा दिली. तिला नकार मिळाला.

हा नकार तिच्या रंगामुळे आला, असे तिला सांगण्यात आले आणि ती अखेरपर्यंत तसेच मानीत राहिली. जागा अगदी थोड्या होत्या, हे खरे. त्याच संस्थेतून जॉर्ज वॉकर हे कृष्णवर्णीय संगीतकार १९४५ साली पदवी घेऊन बाहेर पडले होते, हेही खरे. म्हणून ठाम निवाडा करणे योग्य होणार नाही. पण ज्या मुलीने आपल्या आईवडिलांना खुर्चीवरून उठवलेले पाहिले होते, तिला दुसरे कोणते कारण सुचणार? नकार देणाऱ्याचे मन शुद्ध असले, तरी तसे मानण्यास त्या देशाने तिला वाव ठेवला नव्हता.

पोट भरण्यासाठी ती गाणे शिकणाऱ्यांना साथ करू लागली, मुलांना पियानो शिकवू लागली. शिवाय स्वतःचे शिक्षण चालू ठेवण्यासाठी पैसा हवाच होता. १९५४ च्या उन्हाळ्यात तिला कळले, की ॲटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरी एका मद्यगृहात वादकाची जागा आहे. आठवड्यास नव्वद डॉलर मिळणार होते. धर्मोपदेशक आईस हे कळले असते, तर तिला मरणप्राय दुःख झाले असते. मद्यगृहातील संगीत म्हणजे सैतानाचे संगीत अशी तिची समजूत होती. म्हणून मुलीने आपले नावच लपवले. लहान मुलीला स्पॅनिश भाषेत ‘निन्या’ म्हणतात. एक मित्र तिला लाडाने त्या नावाने हाक मारी. त्यावरून नीना, आणि सिमोन सिन्योरे या फ्रेंच अभिनेत्रीवरून सिमोन. नीना सिमोन हे नाव असे आईच्या धाकाने जन्मास आले!

पहिल्या रात्री तिने नुसता पियानो वाजवला. मालकाने बजावले, की उद्यापासून गायचेही, नाहीतर काम सुटले. तोवर ती एकटीने कधी गायली नव्हती. आता तिने तोंड उघडले, आणि तो खोल, किंचित घोगरा, पुरुषी वाटावा असा आवाज ऐकून पेले हातांत तसेच राहिले. रात्री नऊपासून पहाटे चारपर्यंत ती वाजवी व गाई, आणि भोवती मद्याचे पेले फिरत असताना आपण मात्र दूध पिई. कोणी गोंगाट केला, तर तिचे हात पियानोवर थांबत. शांतता झाल्यावाचून ती पुढचा सूर लावीत नसे. ट्रायनच्या ग्रंथालयातील मुलगी अजून बदलली नव्हती.

तिच्या गाण्याला लोक जाझ म्हणत. जाझ हे न्यू ऑर्लिन्स शहराच्या परिसरात कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत होय. आपल्याकडील गवई बंदिश हाती धरून तिचा विस्तार ऐनवेळी, सुचेल तसा करतो. जाझ वाजवणारेही एक साधी चाल घेऊन तिच्यावर तत्क्षणी नवी रचना उभारतात. सोल हा त्याच समाजाचा दुसरा गायनप्रकार. सोल म्हणजे आत्मा. चर्चमधील भजनाची आर्तता ऐहिक गाण्यांत आणून हा प्रकार घडला. नीनाच्या गाण्यात हे दोन्ही होते, आणि त्यांत बाखही होता. एखादे प्रेमगीत गाता गाता तिचे दोन्ही हात अचानक बाखच्या रीतीने एकमेकांचा पाठलाग करू लागत, आणि गाणे पुन्हा जागेवर येई. जाझ हा शब्द तिला स्वतःला आवडत नसे. आपले संगीत हे कृष्णवर्णीयांचे अभिजात संगीत आहे, असे ती म्हणे.

तिची पहिली ध्वनिमुद्रिका १९५७ च्या अखेरीस मुद्रित झाली. तीतील जॉर्ज गर्श्विनच्या ‘पोर्गी अँड बेस’ या संगीतिकेमधील एक गीत १९५९ साली अमेरिकाभर लोकप्रिय झाले. पण नीनाला व्यवहार कळत नव्हता. तीन हजार डॉलर घेऊन तिने त्या ध्वनिमुद्रिकेवरील सर्व हक्क लिहून दिले होते. कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा, हे तिला सांगणारे जवळ कोणी नव्हते. या एका सहीने तिचे किती नुकसान केले, ते तिला तीस वर्षांनी पुन्हा एकदा कळायचे होते.

कीर्ती आली, न्यूयॉर्कमध्ये घर झाले, १९६१ साली विवाह झाला आणि पुढील वर्षी कन्या जन्मली. १२ एप्रिल १९६३ रोजी कार्नेगी हॉल या प्रख्यात सभागृहात तिचा कार्यक्रम झाला. लहानपणापासून तिने याच सभागृहाचे स्वप्न पाहिले होते. मात्र तेथे बाख वाजवावा ही तिची इच्छा होती, आणि लोक आले होते गाणी ऐकायला. ही रुखरुख तिला जन्मभर राहिली.

त्याच दिवशी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरी मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली होती. नीनाची मैत्रीण लोरेन हॅन्सबेरी ही नाटककार होती. आपले बांधव तुरुंगात जात असता तू काय करतेस, असा प्रश्न ती नीनाला सतत विचारी. त्या वर्षाच्या जून महिन्यात मिसिसिपी राज्यात मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याची त्याच्या घराच्या अंगणात गोळी घालून हत्या झाली. नंतर १५ सप्टेंबर उजाडला. रविवार होता. बर्मिंगहॅमच्या एका चर्चमध्ये प्रार्थनेची तयारी चालू असता वर्णद्वेष्ट्यांनी ठेवलेला बाँब फुटला व चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या होत्या, एक अकरा वर्षांची.

बातमी ऐकून नीना संतापाने वेडी झाली. घरातील सामानातून बंदूक तयार करण्याचा तिने खटाटोप चालवला. पतीने ते पाहिले आणि तुला मारणे जमणार नाही, तुझ्याजवळ आहे ते संगीत, असे सांगून तिला थांबवले. ती पियानोपाशी बसली आणि तासाभरात तिने एक गाणे लिहिले. ‘मिसिसिपी गॉडॅम’ हे त्याचे नाव. त्या नावातच एक शिवीवजा उद्गार होता. चाल मात्र रंगभूमीवरील एखाद्या हसऱ्या गाण्यासारखी दुडकी! ऐकणारा आधी पायाने ठेका धरी आणि मग शब्दांचा अर्थ लागून चपापे. दक्षिणेतील नभोवाणी केंद्रांनी ते लावण्याचे नाकारले. एका विक्रेत्याने ध्वनिमुद्रिकांचे अख्खे खोके परत पाठवले. त्यातील प्रत्येक तबकडीचे दोन तुकडे केलेले होते.

यानंतर तिचे गाणे आणि तिच्या लोकांचा लढा ही दोन राहिली नाहीत. मार्च १९६५ मध्ये मतदानाच्या हक्कासाठी किंग यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक सेल्मा येथून माँटगमेरीकडे पायी निघाले. शेवटच्या मुक्कामी, २४ मार्चच्या रात्री, चिखलाने भरलेल्या मैदानात शवपेट्यांची खोकी रचून व्यासपीठ उभारले होते. त्यावर उभी राहून नीना गायली. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात मतदानहक्काचा कायदा झाला. किंग यांच्याविषयी तिला आदर होता, परंतु त्यांचा अहिंसेचा मार्ग तिला पटत नव्हता आणि तसे ती त्यांना तोंडावर सांगून मोकळी झाली. तरीही ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची हत्या झाली, तेव्हा तिसऱ्याच दिवशी तिने भर सभेत त्यांच्यासाठी नवे शोकगीत गायले. तिच्या साथीदाराने ते नुकतेच रचले होते. ते गाताना ती मध्येच थांबून, कोण कोण गेले, आता किती उरले, असे श्रोत्यांशी बोलत राहिली.

लोरेन हॅन्सबेरी १९६५ सालीच, अवघ्या चौतिसाव्या वर्षी कर्करोगाने वारली होती. तिच्या स्मरणार्थ नीनाने ‘टू बी यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक’ हे गीत केले. ते १९६९ साली प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीय मुलामुलींनी आपल्या रंगाची लाज न बाळगता आपल्या गुणांकडे पाहावे, हा त्याचा आशय. शाळाशाळांतून मुले ते गाऊ लागली.

येथून पुढची कथा सुखाची नाही. पतीकडून तिला मारहाण सोसावी लागली होती. तो संसार मोडला. लढ्यातील सोबती कोणी मारले गेले, कोणी पांगले. अमेरिकेवरचे तिचे मन उडाले. प्रथम बार्बाडोस बेट, नंतर आफ्रिकेतील लायबेरिया, मग स्वित्झर्लंड, फ्रान्स, नेदरलँड्स अशी ती वीस वर्षे फिरत राहिली. कार्यक्रमास ती वेळेवर येईलच, याचा भरवसा राहिला नाही. १९७६ साली स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे गाता गाता ती थांबली आणि सभागृहात हिंडणाऱ्या एका बाईला तिने खाली बसावयास लावले, मगच गाणे पुढे नेले. लोक तिला तऱ्हेवाईक म्हणू लागले. वास्तविक तिला मनाचा आजार जडला होता. त्यात कधी उन्माद तर कधी घोर खिन्नता येई. तो ओळखला जाऊन औषध सुरू होईपर्यंत तिची पन्नाशी उलटली. आजारातच तिच्या हातून अक्षम्य गोष्टीही घडल्या. १९९५ साली फ्रान्समध्ये, शेजारच्या मुलांचा गोंगाट असह्य होऊन तिने त्यांच्यावर छऱ्यांची बंदूक झाडली व त्याबद्दल न्यायालयाने तिला दोषी ठरवले. तिच्या चरित्रातून हे वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मध्यंतरी एक चमत्कारिक गोष्ट घडली. १९८७ साली एका फ्रेंच अत्तराच्या जाहिरातीत तिचे एक जुने गाणे वाजवण्यात आले आणि युरोपात त्याची तुफान विक्री झाली. ते गाणे होते पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील, जिचे हक्क तिने तीन हजार डॉलरांस देऊन टाकले होते! तरी त्यामुळे एवढे झाले, की नवी पिढी तिला ओळखू लागली आणि तिची सभागृहे पुन्हा भरू लागली.

अखेरची दहा वर्षे ती दक्षिण फ्रान्समध्ये राहिली. एप्रिल २००३ मध्ये ती मरणशय्येवर असता अमेरिकेतून एक वार्ता आली. कर्टिस संगीतसंस्थेने तिला सन्माननीय पदविका देण्याचे ठरवले होते. नकार दिल्याला बावन्न वर्षे झाली होती. त्यानंतर दोनच दिवसांनी, २१ एप्रिल २००३ रोजी, मार्से शहराजवळील कारी-ल-रूए या गावी वयाच्या सत्तराव्या वर्षी तिने देह ठेवला. तिच्या इच्छेनुसार तिची रक्षा आफ्रिकेतील निरनिराळ्या देशांत विखुरण्यात आली.

ट्रायनमधील तिचे तीन खोल्यांचे घर मोडकळीस आले होते. ते पाडले जाऊ नये म्हणून २०१७ साली चार कृष्णवर्णीय कलावंतांनी मिळून ते विकत घेतले. त्याआधी २०१० साली गावात तिचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. पुतळ्यातील नीना पियानोच्या पट्ट्यांवर हात ठेवून बसली आहे. तिच्या छातीत धातूचे एक हृदय बसवले आहे, आणि त्यात तिच्या रक्षेचा थोडासा अंश ठेवलेला आहे.